आधी हातपंप, मग सेल्फ

कोंढाळीच्या अलीकडे, पहाटेचे पावणेचार वाजले असतील, मागे दीड टन संत्रा आणि आमची डिझेल पिकअप दबायला लागली. आंबिया बहाराचा तोडा सुरू होता, माल रात्रीच भरून सकाळच्या बोलीला नागपूरच्या कळमना बाजारात लावायचा म्हणून मी आणि पुतण्या कारंजा घाडग्याकडून निघालो होतो. चौथ्यात ओढेना म्हणून तिसरा टाकला, तिसऱ्यात ओढेना म्हणून दुसरा, ॲक्सिलेटर पूर्ण दाबला तरी गाडी नुसती झटके खात होती आणि शेवटी चढावरच बंद पडली. मीटरवर थेंबाच्या चित्राचा पिवळा लाइट लागलेला होता, म्हणजे डिझेलात पाणी आहे. तो लाइट दोन दिवसांपासून अधूनमधून लागून राहिला होता आणि मी तोडा आटोपला की पाहू म्हणून सोडून दिला होता.

मग मी तेच केलं जे बहुतेक ड्रायव्हर करतात, सेल्फ मारला, पुन्हा मारला, आठ-दहा खेपा मारला, इंजन फिरते पण उचलत नाही, आणि दर खेपेला सेल्फचा आवाज जड होत चालला. पुतण्या म्हणाला काका मिस्त्रीला फोन लावू का, एवढ्या पहाटे कोण उचलते असं वाटलं, पण आमच्या मिस्त्रीभाऊंनी दुसऱ्याच रिंगला उचलला आणि सगळं ऐकून घ्यायच्या आधीच म्हणाले, "सेल्फ नोका मारू भाऊ, ब्याटरी बसन. पह्यले फिल्टरच्या बुडातून पाणी काढा, मंग हातपंप मारा, तो कडक होऊ द्या, मंग लावा चाबी."

मोबाइलच्या उजेडात बॉनेट उघडलं, डिझेल फिल्टरच्या बुडाचा ड्रेनचा स्क्रू हातानेच ढिला केला आणि खाली पाण्याची रिकामी बाटली धरली. आधी थेंब थेंब, मग धार. बाटली उजेडासमोर धरली तर तिच्यात दोन थर दिसले, वर डिझेल, पिवळसर, स्वच्छ, आणि खाली चार बोटं गढूळ पाणी, त्यात काळे बारीक धागे तरंगत होते, आणि दोघांच्या मधात एकदम सरळ रेष, जशी रंगाच्या डब्याला ब्रशने ओढावी तशी. बाटली हलवली की ती रेष मोडते आणि मिनिटभरात पुन्हा जशीच्या तशी जुळते. माझं इंजन हे पाणी प्यायचा प्रयत्न करून राहिलं होतं. पुतण्याला म्हटलं, पाहून घे बाबू, नीट पाहून घे.

स्वच्छ डिझेलची धार येईपर्यंत सोडलं, स्क्रू बंद केला, हातपंप, म्हणजे फिल्टरच्या डोक्यावरची डिझेल ओढायची गुंडी, मारला, गाडी तिसऱ्या प्रयत्नाला उचलली. कळमन्यात पोचलो तेव्हा बोली अर्धी होऊन गेली होती. ते जाऊ द्या. पाणी निघालं तरी तो फिल्टर आता कामाचा राहिला नव्हता, कागद एकदा पाण्याने भिजून फुगला की पहिल्यासारखा होत नाही, म्हणून नागपुरातूनच नवीन फिल्टर घेतला आणि दुसऱ्या दिवशी घरच्या अंगणात बदलवला. आणि बदलवताना जे जे ध्यानात आलं ते सगळं लिहून ठेवावं वाटलं, कारण आमच्याकडे गावोगावी पिकअप आहेत, भाजी, कापूस, संत्रा, सोयाबीन, ढोरं, लग्नाचं सामान, सगळं हिच्यावरच चालते, आणि फिल्टर बदलवणं सगळ्यांना येते, पण हवा काढणं नीट फार थोड्यांना येते.

पहिले पाणी आलं कुठून ते सांगतो. आमच्या कोठ्यात ट्रॅक्टरसाठी डिझेलच्या दोन कॅन ठेवलेल्या असतात, पावसाळ्यात पंपावर जायला रस्ता चिखलाचा म्हणून. एका कॅनच्या झाकणातलं रबर गेलेलं होतं आणि वरचा टिन त्याच जागी गळत होता. तोड्याच्या आदल्या दिवशी त्याच कॅनमधलं उरलेलं दहा-पंधरा लिटर मी पिकअपमध्ये ओतलं. बाबा म्हणाले, "तुले किती खेप सांगतलं, क्यानचं झाकण पाह्य म्हणून." खरं आहे, सांगितलं होतं.

डिझेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर डिझेल साडेआठशे ग्रामच्या आतच भरते, त्यामुळे पाणी कायम तळाला बसते, कॅनच्याही आणि टाकीच्याही. आणि टाकीतला उचलायचा पाइप तळाजवळच असतो, म्हणजे पहिला घास पाण्याचाच जातो. फक्त पावसामुळेच पाणी येते असंही नाही. आपल्याकडे हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री कडक थंडी, टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतली वाफ थंड पत्र्याला लागून थेंब होते, जसा थंड पाण्याच्या गडव्याला बाहेरून घाम येते तसा, आणि तो थेंब आत पडतो तो पडतोच. म्हणून मी आता संध्याकाळी गाडी उभी करायच्या आधी टाकी भरून ठेवतो, सकाळी नाही. आणि ते काळे धागे म्हणजे मिस्त्रीभाऊ म्हणतात शेवाळ, खरं म्हणजे ते बारीक जिवाणू-बुरशीचं काम आहे, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या रेषेवर ते वाढतात आणि त्यांचा चिकट थर फिल्टरचा कागद बंद करून टाकतो. बाबा डिझेल धोतराच्या फडक्यातून गाळून टाकत, त्याने पानकाडी, माती अडते हे खरं, पण पाण्याचा भरोसा त्या फडक्यावर नाही, उलट फडक्याचा सूत डिझेलात उतरतो तो वेगळा.

जुन्या गाड्यांना हे सगळं चालून जायचं, आताच्या गाड्यांना नाही चालत. यांच्यात कॉमन रेल असते, म्हणजे पंप एकाच नळीत डिझेल दाबून ठेवते आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरला जाते, आणि तिथे डिझेलचं प्रेशर हजार, दीड हजार बार आणि त्याच्याही वर जाते. टायरमध्ये आपण दोन-चार बार हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या. एवढ्या प्रेशरमध्ये इंजेक्टरच्या सुईसारख्या छिद्रातून डिझेलचा फवारा होतो, आणि त्या सुईची फिटिंग इतकी बारीक की माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉनचा असतो आणि हा फिल्टर चार-पाच मायक्रॉनचा कण पकडायला बसवलेला असतो. वरून हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसते, डिझेल हेच त्याचं ऑइल. पाणी गेलं की वंगण गेलं, गंज लागला. आणि हवा गेली तरी तेच, पंप कोरडा फिरते. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आला, डिझेलातलं सल्फर ५० पीपीएमवरून (म्हणजे दहा लाख भागांत ५० भाग) १० पीपीएमवर आलं, हवेसाठी चांगलंच झालं, पण सल्फर काढताना डिझेलची चिकणाई कमी होते म्हणून रिफायनरीत वंगणाचं ॲडिटिव्ह टाकावं लागते. म्हणजे पंपाला वाचवायची जबाबदारी डिझेलच्या एकेका थेंबावर आहे, आणि आपण त्याच पंपाला कोरडं फिरवत सेल्फ मारत बसतो. एका इंजेक्टरचा भाव विचारून पाहा, त्याच्यापुढे फिल्टरचा खर्च काहीच नाही.

फिल्टर घेताना जुना सोबत घेऊन जा किंवा त्याच्यावरचा नंबर फोटो काढून न्या. दिसायला एकसारखे दहा फिल्टर मिळतात, आटे पण बसतात, पण आतला कागद वेगळा असतो. स्वस्तातला लोकल फिल्टर घेऊ नका, बाकी कुठेही पैसे वाचवा पण इथे नाही. बिल घ्या. डब्यात नवीन रबर रिंग आहे का तेही दुकानातच पाहून घ्या, मी एकदा घरी येऊन डबा उघडला तर रिंगच नव्हती.

आता काम. गाडी सपाट जागेवर, इंजन थंड, चाबी काढलेली. जवळ कोणी बिडी ओढत बसलं असेल तर त्याला उठवा, गावात बॉनेट उघडलं की चार जण येऊन उभे राहतात हे ठरलेलं आहे. सगळ्यात पहिले फिल्टरच्या आजूबाजूची धूळ साफ करा, आमच्याकडच्या काळ्या मातीची धूळ बॉनेटखाली पिठासारखी बसलेली असते, फिल्टर काढला की ती थेट उघड्या तोंडात पडते. मी आधी ब्रश, मग डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं, मग कोरडं फडकं मारतो. खाली टोपलं ठेवा, डिझेल पाइपांच्या रबरावर, पट्ट्यावर, अल्टरनेटरवर सांडू देऊ नका, रबर फुगते आणि पट्टा घसरायला लागतो.

बुडाच्या पाण्याच्या सेन्सरचं कनेक्टर हळूच काढायचं, वायर ओढायची नाही, त्याची कळ दाबून काढायचं. मग ड्रेन उघडून आतलं डिझेल काढून घ्यायचं आणि फिल्टर पट्टा पान्याने उलटा फिरवायचा. स्क्रूड्रायव्हर आरपार घालून फिरवणारे पाहिले आहेत मी, पत्रा फाटतो आणि अर्धा फिल्टर वरच अडकून राहते. फिल्टर हातात आला की पहिले वर पाहा, जुनी रबर रिंग वरच्या बैठकीला चिकटून राहिली का. ही जागा महत्त्वाची आहे. ती काळी, बैठकही काळी, दिसतच नाही, बोट फिरवून पाहावं लागते. जुन्या रिंगवर नवीन रिंग बसली की सगळं घट्ट झाल्यासारखं वाटते आणि तिथूनच हवा ओढत राहते, आणि मग माणूस चार दिवस सगळीकडे शोधते. सेन्सर जुन्या फिल्टरवरून काढून नव्यावर लावावा लागत असेल तर त्याची छोटी रिंगही नवीनच लावा.

नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने स्वच्छ डिझेल लावायचं. आता इथे दोन मतं आहेत. बरेच मिस्त्री नवीन फिल्टर आधी डिझेलने भरतात आणि मग बसवतात, म्हणजे हवा कमी राहते आणि गाडी लवकर उचलते. मी भरत नाही. फिल्टरच्या तोंडावर पाहा, कडेने बारीक छिद्रं असतात आणि मधात आट्यांचं मोठं छिद्र. साधारण असं असते की कडेच्या छिद्रांतून डिझेल आत येते, कागदातून गाळून मधल्या छिद्रातून बाहेर पंपाकडे जाते. मधल्या छिद्रात ओतलेलं डिझेल म्हणजे न गाळलेलं डिझेल थेट इंजेक्टरच्या वाटेवर. कॅनमधून, नरसाळ्यातून, कशातून का ओता, त्याच्यात काय काय आहे ते डोळ्याला दिसतच नाही. भरायचंच असेल तर कडेच्या छिद्रातून हळूहळू, मधलं छिद्र झाकून. पण हातपंप असताना एवढी घाई कशाला पाहिजे? पाच मिनिटं जास्त लागतात, लागू द्या.

फिल्टर हातानेच फिरवत न्यायचा, रिंग बैठकीला टेकली की तिथून पाऊण फेरा, आणि बस. बऱ्याच फिल्टरवर हे चित्रात छापलेलंच असते. पान्याने आवळायचा नाही, पुढच्या खेपेला काढायचा आपल्यालाच आहे.

आणि आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते, प्रायमिंग. आमच्याकडे कोणी प्रायमिंग म्हणत नाही, हवा काढणे म्हणतात किंवा एअर काढणे, गाडीने एअर घेतली, गाडीने एअर धरली असं म्हणतात. झालं असं असते की नवीन फिल्टर रिकामा आहे, म्हणजे त्याच्यात हवा आहे, आणि हवा दाबली की लहान होते, डिझेल दाबलं की जवळजवळ लहान होतच नाही. पंप हवा दाबत बसते, हवा आकसते, प्रेशर बनतच नाही, आणि कॉमन रेलमध्ये काही एक प्रेशर बनल्याशिवाय ईसीएम, म्हणजे इंजनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडतच नाही. म्हणून सेल्फ कितीही मारा, इंजन फिरेल, उचलणार नाही. त्या रात्री चढावर माझं हेच झालं होतं, पाणी तर होतंच, वरून मी सेल्फ मारमारून लाइन रिकामी करत होतो.

माझ्या पिकअपमध्ये फिल्टरच्या डोक्यावरच दाबायची गुंडी आहे, काही गाड्यांत टाकीकडच्या पाइपमध्ये रबरी गोळा असते, आणि काहींच्या टाकीत इलेक्ट्रिक पंप असते, त्यात चाबी नुसती ऑनवर करायची, सेल्फ न मारता, घुंईं आवाज थांबेपर्यंत थांबायचं, बंद करायची, पुन्हा ऑन, असं चार-पाच खेपा. गुंडीवाल्यात डोक्यावर छोटा एअर स्क्रू असते. तो एक-दीड फेरा ढिला करायचा, भोवती फडकं गुंडाळायचं आणि गुंडी दाबायला लागायचं. सुरुवातीला गुंडी एकदम पोकळ जाते, अंगठ्याला काहीच लागत नाही, स्क्रूजवळ नुसतं फुस्स फुस्स होते. घाबरायचं नाही, दाबत राहायचं. पुतण्याने वीस-पंचवीस खेपा दाबून काका काही होत नाही म्हटलं, मी म्हटलं मार बाबू, अजून मार. तिसाच्या पुढे गेल्यावर स्क्रूतून फेस यायला लागला, दुधावरच्या फेसासारखा पांढरट, मग फेसात डिझेलची धार आणि धारेत बुडबुडे, मोठे, मग बारीक, मग अधूनमधून एखादा. आणि मग एक वेळ अशी येते की धार एकदम काचेसारखी स्वच्छ होते, तुटत नाही, थुंकत नाही. त्या क्षणी, धार चालू असतानाच, गुंडी दाबून धरून स्क्रू बंद करायचा. गुंडी सोडून मग बंद केला तर परत हवा आत जाते. स्क्रू बंद झाल्यावर अजून दाबत राहायचं, आता प्रत्येक खेपेला गुंडी जड होत जाते आणि शेवटी दगडासारखी होते, अंगठ्याने दाबलीच जात नाही. हा कडकपणा हातात ओळखता आला पाहिजे. पुतण्याच्या अंगठ्यावर मी माझा अंगठा ठेवून त्याला दाखवलं, हे असं, याच्या आधी चाबीला हात लावायचा नाही.

मग सेल्फ, दहा सेकंदाच्या वर नाही. नाही उचललं तर मिनिटभर थांबायचं, सेल्फची मोटर तापते, आणि त्या मिनिटात पुन्हा गुंडी दाबून पाहायची, ढिली झाली असेल तर अजून हवा आहे, पुन्हा स्क्रू. आमची गाडी दुसऱ्या प्रयत्नाला उचलली, थोडी लंगडली, धूर टाकला, आणि मग जमली. लगेच रेस द्यायची नाही. दहा मिनिटं तशीच चालू ठेवून फिल्टरच्या भोवती कोरडं फडकं फिरवायचं, ओलं होते का पाहायचं, आणि सेन्सरचं कनेक्टर आठवणीने लावायचं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. बाबांच्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल संपलं की मिस्त्री इंजेक्टरचे नट ढिले करायचे, एक जण सेल्फ मारायचा आणि नटातून फेस, मग डिझेल आलं की नट आवळायचा. लहानपणापासून आम्ही हेच पाहिलं, हातालाही तेच वळण आहे. कॉमन रेलवर हे करायचं नाही. कधीच नाही. तिथे प्रेशर इतकं असते की दिसणारही नाही एवढ्या बारीक धारेने डिझेल कातडीत घुसते. वरून नुसता टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फार, माणूस कामाला लागते, आणि आतून बोट सडायला लागते, वेळेवर ऑपरेशन झालं नाही तर बोट, कधी हात काढायची वेळ येते. असं झालं तर ठिपका लहान आहे म्हणून घरी बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि हाय प्रेशर डिझेल आत गेलं आहे हे डॉक्टरला स्पष्ट सांगा. आणि चालू इंजनमध्ये गळती शोधायची असेल तर हात फिरवू नका, खरड्याचा, म्हणजे पुठ्ठ्याचा, तुकडा फिरवा.

गाडी उचलते, मिनिटभर चालते आणि बंद पडते, पुन्हा हातपंप मारला की पुन्हा मिनिटभर चालते, असं होत असेल तर कुठूनतरी हवा ओढून राहिली आहे. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन बऱ्याच गाड्यांत ओढणीवर असते, दाबावर नाही, त्यामुळे तिथे भेग असली तर डिझेल बाहेर गळतच नाही, हवा आत जाते, आणि जमीन कोरडी दिसते म्हणून माणूस फसते. आमच्या मिस्त्रीभाऊंची पद्धत साधी आहे, ते फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडतात आणि त्याच्यातून बुडबुडे जातात का पाहतात. बुडबुडे दिसले तर दोष टाकीकडे, नाही दिसले तर फिल्टरकडे, आणि फिल्टरकडे असेल तर पहिले ती जुनी रिंग.

जुन्या फिल्टरमधलं घाण डिझेल नालीत ओतू नका, आमच्याकडे नालीचं पाणी खाली नाल्याला जाते आणि तिथे ढोरं पितात. मी ते वेगळ्या कॅनमध्ये साठवतो आणि गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये नेऊन टाकतो. त्या कॅनवर खडूने मोठी फुली मारली आहे, कोणी चुकून टाकीत ओतू नये म्हणून. कोठ्यातल्या दोन्ही कॅनला नवीन रबर आणलं, त्या आता माळ्यावर टिनाच्या गळक्या जागेपासून दूर आहेत, आणि त्यांच्यातलं तळाचं दोन लिटर आम्ही कोणत्याच गाडीत टाकत नाही.

फिल्टर मी आता दर १०,००० किलोमीटरला बदलवतो, पुस्तकात काही लिहिलेलं असो, कारण आमचं डिझेल अर्धं कॅनमधून येते आणि रस्ता अर्धा धुळीचा आहे. आणि दर शनिवारी ड्रेन उघडून अर्धा ग्लास काढून पाहतो. आज सकाळी पुतण्यानेच काढलं, बाटली उन्हासमोर धरून हलवली, मिनिटभर थांबला, आणि ओट्यावरून ओरडला, "काका, रेष नाई." रात्री माल भरून निघायचं आहे, वरूडकडचा आहे, दीड टन.